सातव्या टप्प्यावरची तार

हे मी माझ्या बायकोला कधी सांगितलं नाही. मुलुंडच्या ह्याच दोन खोल्यांत एकेचाळीस वर्षं आम्ही बरोबर काढली, ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता — तरीही नाही. चौकशीला आलेल्या साहेबांना नाही, पोलिसांना नाही, मुलाला नाही. देवापुढे उभा राहिलो की मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागून घ्यायचो, हे आठवायला वेळच उरू नये म्हणून. तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही. पण कुणाला तरी समोर बसवल्याशिवाय हे बाहेर येणार नाही. बसा जरा.

आधी मोटरचं सांगतो. टाळतोय असं वाटेल तुम्हाला — थोडं टाळतोही आहे. पण ती मोटर कळली नाही तर मी काय केलं ते कळणार नाही.

मी वायरमन होतो. घाटकोपरहून मुलुंडकडे येताना मोठ्या रस्त्याला लागून आमचा रबराचा कारखाना होता. आता तिथे टॉवर आहेत, खाली पोहण्याचा तलाव आहे. कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये एक जुनी मिल होती. मिल म्हणजे दोन लोखंडी रोल, माणसाच्या कमरेहून जाड, आडवे, शेजारी शेजारी, एकमेकांच्या दिशेने आत फिरणारे. मधे बोटभर फट. वरून कच्चं रबर टाकायचं, रोल ते आत ओढायचे, चिरडायचे, पुन्हा वर आणायचे. दिवसभर ते यंत्र नुसतं चावत असायचं. ते चालवणारी मोटर डीसीची होती, माझ्यापेक्षा वयाने मोठी.

डीसी मोटर फिरत असते तेव्हा समजूतदार असते. फिरता फिरता ती आतून उलटा दाब तयार करते आणि येणाऱ्या विजेला स्वतःच आवरते. थांबलेल्या मोटरला हा आवर नसतो. थांबलेल्या मोटरवर एकदम पूर्ण वीज सोडा — ती दहापट, पंधरापट वीज ओढते आणि अशी उसळते की समोर लोखंड आहे की हाड, तिला फरक पडत नाही. म्हणून मधे स्टार्टर बसवतात. आमच्या स्टार्टरला एक हँडल होतं आणि सात टप्पे. पहिल्या टप्प्यावर विजेच्या वाटेत सर्वांत जास्त अडथळा, दुसऱ्यावर त्याहून कमी, असं करत सातव्यावर काहीच नाही. हँडल एकेका टप्प्यावर थांबवत न्यायचं, मोटर हळूहळू वेग घेते, आणि सातव्यावर एक छोटी कॉइल चुंबकासारखं ते हँडल धरून ठेवते. वीज गेली की कॉइलची पकड सुटते. हँडल स्प्रिंगने परत शून्यावर येऊन आपटतं. म्हणजे वीज परत आली तरी मोटर आपोआप उठत नाही. कुणाला तरी पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करावी लागते.

ही सोय ज्याने शोधली त्याने माणसांचा विचार केला होता. मी नाही केला.

स्टार्टरवर नाथा असायचा. मढचा कोळी. घरच्या होडीवर चार भावांत एकाला जागा नव्हती म्हणून कारखान्यात आलेला. काळा, बुटका, खांदे बैलासारखे. त्याची एक पद्धत होती. टप्पे मोजताना तो नुसतं एक, दोन म्हणायचा नाही. त्याचा बाप पाण्याची खोली बघायला दोरी सोडायचा, हात पसरून मापायचा — एक वाव, दोन वाव. नाथा तसंच मोजायचा. हँडल पहिल्या टप्प्यावर ठेवून मोठ्याने, 'एक वाव'. मग मोटरचा आवाज चढेपर्यंत कान देऊन उभा. मग, 'दोन वाव'. सात वाव होईपर्यंत शेडमध्ये कुणी कुणाशी बोलायचं नाही. आणि मिलवरून दत्ताराम ओरडायचा, "काय रे मेल्या, पोचलंस काय तळाक?"

दत्ताराम माझा मित्र. मालवणकडचा. त्याचा बाप कापडाच्या गिरणीत होता, गिरणी बंद पडली आणि पोरगा रबरात आला. एकाच भाड्याच्या खोलीत आम्ही तीन वर्षं काढली होती, लग्नं व्हायच्या आधी. मला तो वश्या म्हणायचा. वसंत म्हणणारे पुष्कळ होते, वश्या म्हणणारा तो एकटा.

तर ती कॉइल. ती जुनी झाली होती, आतली तार जळत आली होती, पकड राहिली नव्हती. वीज जायचीच गरज नाही, जरा कमी झाली तरी हँडल सुटायचं — खट. रोल थांबायचे. रबर रोलवरच थंड पडून घट्ट व्हायचं. मग ते सुरीने कापून काढा, नाथाचे सात वाव, पुन्हा सुरुवात. कॉइल नवीन गुंडाळायची म्हणजे माझं अर्ध्या दिवसाचं काम होतं. मी ते दोन महिने उद्यावर ढकलत होतो. का? दुसरी कामं होती असं मी पुढे सांगितलं. नव्हती. कंटाळा होता. बारीक तारेचे हजारो वेढे घालत बसायचा कंटाळा.

ऑक्टोबरची दुपार होती. सकाळपासून हँडल तीनदा सुटलं होतं. फोरमन सगळ्यांसमोर येऊन मला म्हणाला, "तू वायरमन आहेस की न्हावी? तुझ्यापेक्षा माझी म्हातारी बरी वायरिंग करेल." लोक हसले. दत्तासुद्धा हसला. त्या हसण्याचा मला राग आला — हे लिहायलाच हवं, कारण पुढच्या दहा मिनिटांत मी जे केलं ते रागाने केलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर नाथाने मोटर चढवली आणि तो पाणी प्यायला गेला. मी स्टार्टरचं झाकण उघडलं. सातव्या टप्प्यावर उभं असलेलं हँडल तांब्याच्या तारेने मागून बांधलं. दोन वेढे, एक पीळ. झाकण लावलं. बाहेरून काहीही दिसत नव्हतं. आता वीज कमी होवो की जावो, हँडल हलणार नव्हतं.

हे मी पहिल्यांदा केलं नव्हतं. दुसऱ्या पाळीत दोनदा केलं होतं. काही झालं नव्हतं.

नाथाला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने तिथल्या तिथे तार कापली असती आणि मला चार शिव्या घातल्या असत्या. हे मला तेव्हा माहीत होतं. म्हणूनच सांगितलं नाही. अजून एक गोष्ट मला माहीत होती आणि ती मी आजवर कुणापुढे उच्चारलेली नाही. मिलवर, काम करणाऱ्याच्या डोक्यावर, एक आडवी दांडी असायची. हात अडकला तर दुसऱ्या हाताने ती ओढायची, मिल थांबते. कशी थांबते? ती दांडी त्याच कॉइलची वीज तोडायची. कॉइल सोडणार, हँडल परत येणार. हँडल बांधलेलं असेल तर? — तर ती दांडी म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा. तार पिळताना माझ्या मनात हे येऊन गेलं होतं. येऊन गेलं आणि मी झाकणाचे स्क्रू आवळले.

अर्ध्या तासाने वीज गेली.

शेडच्या त्या कोपऱ्याला खिडकी नव्हती, भर दुपारी अंधार झाला. रोल थांबले. वीज गेली की दत्ता थंड पडणारं रबर फटीच्या तोंडाशी हात घालून सोडवायला घ्यायचा. सगळेच घ्यायचे. मोटर आता नाथाने मोजल्याशिवाय उठत नाही, ह्याची त्यांना खात्री होती. ती खात्री त्यांना यंत्राने दिली होती, आणि ती मी काढून घेतली आहे हे शेडमध्ये एकट्या मला माहीत होतं. मी कुठे होतो? पंधरा पावलांवर. खांबाला टेकून. अंधारात दत्ताचा आवाज आला, "गेली तां बरां झाला, माका जरा पाठ सरळ करूक गावली." मी ओरडू शकलो असतो. दत्ता, हात काढ — तीन शब्द. मी स्टार्टरकडे जायला वळलो होतो, हे खरं आहे. पण चालत. कुणाला कळू नये म्हणून, चालत.

वीज आली.

तो आवाज तुम्हाला कसा सांगू? मोटरने हंबरडा फोडला. तिच्या पोटातून निळा जाळ बाहेर आला, जमीन हादरली आणि थांबलेले रोल एकदम उसळले. दत्ताचा उजवा हात मनगटापर्यंत गेला, मग कोपरापर्यंत. त्याने डाव्या हाताने दांडी ओढली. मी पाहिलं. त्याने ती पूर्ण खाली ओढली, सोडली, पुन्हा ओढली. दोनदा. दांडी खाली येत होती आणि रोल फिरत होते. मग तो तिला लोंबकळला. हाडं मोडण्याचा आवाज मोटरच्या आवाजातूनही ऐकू आला. खांद्यापर्यंत गेल्यावर फ्यूज उडाला आणि रोल थांबले — तो आत असताना. रोल मागे फिरवायला वीज नव्हती.

सगळे दत्ताकडे धावले. नाथाही धावला. मी उलटा धावलो.

मी स्टार्टरकडे धावलो. झाकण उघडलं, पकडीने तार तोडली. हँडल खट करून शून्यावर आलं. तार खिशात टाकली, झाकण लावलं. तोवर दत्ता ओरडत होता. ओरडण्यात नावं होती, बायकोचं होतं, आईचं होतं. आणि एकदा, "वश्या."

मग मी गेलो त्याच्याकडे. रोलची फट वाढवायला दोन बाजूंना दोन चाकं असतात, हाताने फिरवायची. चार-चार माणसं लागली. फट उघडली तेव्हा जे बाहेर आलं त्याला हात म्हणता येत नव्हतं. रबराच्या काळ्या पट्ट्यात तो मिसळून गेला होता. टेम्पोत घालून त्याला नेला. तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जगला.

टेम्पो गेल्यावर शेडमध्ये कुणीतरी विचारलं, मोटर कुणी चालू केली? शंभर माणसं असतील. रक्त पाहिलेली. सगळ्यांनी नाथाकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझा हात हँडलवर होता."

ते खरंच होतं. अंधार झाल्यावर त्याने सवयीने हँडल चाचपलं होतं, शून्यावर आलंय ना बघायला. शून्यावर ते सापडलं नाही. त्याने पुढे चाचपलं, तर हँडल पार सातव्यावर. हे असं कसं, हा विचार त्याच्या डोक्यात येतो न येतो तोच वीज आली. तो एवढंच सांगणार होता. बहुतेक पुढचं वाक्य तेच असतं.

मी ते वाक्य येऊ दिलं नाही. मी त्याच्या तोंडावर मारलं. पहिला फटका माझा होता. मुठीत अजून तीच पकड होती, जिने मी तार तोडली होती. ती त्याच्या कानाखाली बसली आणि तो गुडघ्यावर आला. "ह्याने ढकललं," मी ओरडलो, "मी पाहिलं. घाबरला आणि ढकललं." — अंधारात मी काय पाहणार होतो? कुणी विचारलं नाही. त्यानंतर लोकांनी त्याला मारलं. लाथा, बूट, रबर कापायच्या सुरीची मूठ. कुणीतरी त्याचं डोकं त्याच रोलवर आपटलं. मी थांबवलं नाही. मी आत घुसून आणखी दोन फटके मारले आणि मारताना रडत होतो. लोकांना वाटलं, मित्रासाठी रडतोय. मलाही क्षणभर तसंच वाटलं, ह्याची मला अजून किळस येते.

पुढचं काम शांतपणे झालं. जाळामुळे मोटरच्या तांब्यावर काळे डाग पडले होते. जाणकाराने ते बघितले असते तर त्याला कळलं असतं की मोटर टप्प्याटप्प्याने उठलेली नाही. संध्याकाळी, सगळे हॉस्पिटलमध्ये असताना, मी काचकागद घेऊन ते घासून काढले. चौकशीचे साहेब आले. त्यांनी विचारलं, दांडी का ओढली नाही त्याने? मी म्हणालो, पोचला नाही त्याचा हात. साहेबांनी विचारलं, मोटर एवढ्या झटक्याने कशी उठली? मी म्हणालो, घाबरून एका दमात सातव्यावर नेलं असेल. ते म्हणाले, पण हा माणूस मोजून मोजून चढवायचा म्हणतात. मी म्हणालो, "त्या वेळी त्याने मोजलं नाही, साहेब. कुणालाही विचारा."

त्यांनी विचारलं. सगळ्यांनी खरं तेच सांगितलं. वीज गेल्यानंतर मोजण्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

नाथाची नोकरी गेली. काही दिवस तो कोठडीत होता, मग केस रखडली आणि विरून गेली. सुटल्यावर तो दत्ताच्या बायकोच्या पाया पडायला गेला. मी तेव्हा तिथेच होतो, तिच्या हातचा चहा पीत. तिने दार उघडलं, त्याला पाहिलं आणि चुलीजवळचा तापलेला तवा उचलून त्याच्या छातीवर फेकला. तो ओरडला नाही. हात जोडून तसाच मागे मागे गेला, जिना उतरला. मी कप खाली ठेवून तिला धरलं, "वहिनी, शांत व्हा." असं म्हणालो मी.

आणि आता ते सांगतो, ज्याच्यासाठी एवढा वेळ तुम्हाला बसवलं. वरचं सगळं वाईट आहे, पण ते घाबरलेल्या माणसाने केलं असं तरी स्वतःला सांगता येतं. पुढचं तसं नाही.

महिन्याभराने नाथा कारखान्याच्या फाटकाबाहेर माझी वाट बघत होता. एका कानात कापूस. मला वाटलं, मारायला आलाय. तो मला चहाच्या टपरीमागे घेऊन गेला आणि म्हणाला, "वसंता, तू दत्ताचा दोस्त. तू खोटं बोलणार नाय. मला एक सांग. मला ढकलल्याचं आठवत नाय. हात गेला तेव्हा हँडल पुढेच होतं. पण वीज गेल्यावर हँडल मागे येतंच ना रे. कधी आलं नाय असं झालंय का? नाय ना? मग ते पुढे कसं? मग मीच नेलं असणार. तू पाहिलंस. खरं सांग. मी ढकललं?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. ना जमाव, ना साहेब. मला घाई नव्हती, भीतीही नव्हती. पूर्ण एक मिनिट मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याचा यंत्रावर इतका विश्वास होता की स्वतःवर उरला नव्हता. तो मला शिक्षा मागत नव्हता, फक्त खरं काय ते मागत होता.

मी म्हणालो, "हो. ढकललंस."

त्याने मान हलवली. "बरं," म्हणाला. आणि बसस्टॉपकडे चालायला लागला.

त्याच आठवड्यात मी ती कॉइल नवीन गुंडाळली. तीन तासांत झाली.

त्यानंतर पस्तीस वर्षं गेली. मला बढती मिळाली, मुलगा शिकला, कारखाना पडला. मी झोपायचो, जेवायचो, हसायचो. तुम्हाला वाटत असेल, ह्याला दर दिवस टोचत असेल. नाही. महिने महिने आठवायचं नाही. ते मला जास्त वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात मी मढला गेलो. वर्सोव्याहून होडीने पलीकडे उतरलो, विचारत विचारत त्याचं घर काढलं. तो अंगणात बोंबील उलटत होता. वाकला आहे, पण खांदे तसेच. मला पाहून म्हणाला, "ये. ह्या बाजूला बस. तो कान तूच बंद केलास." आणि हसला. खरंच हसला. त्याने मला चहा दिला, तळलेले बोंबील दिले. म्हणाला, तू मारलंस त्याचा राग नाय धरला कधी, तुझा दोस्त गेला होता.

पुढ्यात होडी होती. तिचं इंजिन दुरुस्त होऊन आलं होतं. त्याचा पुतण्या, चाळिशीचा माणूस, ते चालू करून बघत होता. इंजिन चालू होईपर्यंत नाथा तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसला. पुतण्या मला म्हणाला, "काका कधीच चालू करत नाय. पंखासुद्धा नाय. बटनाला हात लावत नाय. उकाड्यात मरेल पण आमची वाट बघत बसेल."

पुतण्या गेल्यावर मी सांगितलं. सगळं. कॉइल, तार, दांडी, पकड, काचकागद, टपरी. त्याच्या चांगल्या कानाशी, एकेक शब्द. मला वाटलं होतं तो उठेल. बाजूला कोयता पडला होता, माझं लक्ष होतं त्याच्याकडे. मी उठणार नव्हतो.

नाथाने शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नाय रे वसंता," तो म्हणाला. "म्हातारा झालास. मला बरं वाटावं म्हणून आलास एवढ्या लांब. तार-बीर काय नव्हती."

मी म्हणालो, "नाथा, मी बांधली."

"नाय. मीच ढकललं. माझ्या हातात आहे ते अजून." त्याने उजवा हात पुढे केला, हवेत कशावर तरी ठेवला आणि एकदम पुढे झोकला. "बघ. असं. रोज दिसतं मला. एकच चुकलं माझं. मोजलं नाय."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर तो चिडला. माझी कॉलर धरून त्याने मला उभं केलं, भिंतीवर आदळलं. ह्या वयातही त्याच्यात तेवढा जोर आहे. "पस्तीस वर्षं," तो म्हणाला, "पस्तीस वर्षं मी दत्ताला मारलेला माणूस आहे. आता तू मला कोण करायला आलायस?" त्याचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. मग त्याने सोडलं, माझी कॉलर नीट केली, आणि म्हणाला, "जा. होडी सुटेल."

मी आलो. डोक्याला मागे खोक पडली होती. मुलाला सांगितलं, जिन्यात पडलो.

दत्ताची बायको नाही आता. साहेब नाहीत, फोरमन नाही, शेड नाही. नाथा मानत नाही. मग हे कुठे ठेवू — म्हणून इथे लिहिलं.

तार तांब्याची होती, वीतभर. ती मी बांधली. दत्तारामने दांडी दोनदा ओढली होती. नाथाने त्या वेळी मोजलं नाही, कारण वीज गेल्यावर त्याने हँडल हलवलंच नव्हतं.